‘श्यामची आई’ : सांगितलेली आणि पाहिलेली

१

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकावरून प्रल्हाद केशव अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा एका वाक्यात उरकला जातो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, त्याला सर्वोत्कृष्ट कथाचित्रासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हे ते वाक्य. चित्रपटाच्या इतिहासकारांनाही पुस्तकाविषयी याहून फार काही सांगावेसे वाटलेले नाही. चित्रपट हा पुस्तकाचा दृश्य अनुवाद आहे, आणि तो मुळाशी कितपत प्रामाणिक आहे एवढाच काय तो प्रश्न उरतो, असे दोघांनीही गृहीत धरलेले दिसते.

हा प्रश्न अपुरा आहे. एखाद्या संहितेचे माध्यमांतर घडते तेव्हा किती प्रसंग राखले आणि किती गाळले याच्या हिशेबातून फारसे काही हाती लागत नाही. मूळ संहितेत कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो, आणि माध्यम बदलल्यावर त्या बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे काय होते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. ‘श्यामची आई’च्या बाबतीत तर ते टाळताच येत नाहीत, कारण हे पुस्तक लिहिलेले असले तरी त्याचा रूपबंध सांगण्याचा आहे, आणि त्या सांगण्याच्या पोटात एका खोत घराण्याच्या कर्जबाजारी होण्याचा इतिहास आहे. चित्रपटाने आई दृश्य केली. त्या दृश्यतेमुळे तिला जे अखिल मराठी मातृत्व प्राप्त झाले, त्यात हा इतिहास मागे सरला. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराची मांडणी करावयाची आहे.

२

पुस्तकाच्या निर्मितीची कथा सुपरिचित आहे. १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत गुरुजींनी त्याचा बहुतांश भाग लिहून काढला. उरलेली प्रकरणे सुटकेनंतर लिहिली. या वेगाचे श्रेय सहसा भावनेच्या उत्कटतेला दिले जाते. तथापि या लेखनामागे एक वाङ्मयीन पूर्वतयारीही होती, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. ती उतरवून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्याला मिळाला तो या लेखणीमुळे. बंदिवासात जमलेले श्रोते, ठरावीक वेळी होणारे निरूपण, घरगुती दृष्टान्त, आणि एका बैठकीत एक विषय पुरा करण्याची शिस्त, या साऱ्या गोष्टी गुरुजींच्या कानावरून आणि हाताखालून नुकत्याच गेल्या होत्या.

‘श्यामची आई’तील प्रकरणांना ‘रात्र’ हे नाव आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातील सायंप्रार्थना आटोपल्यावर प्रौढ श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, आणि हळूहळू गावातील माणसेही ऐकावयास येऊ लागतात. हा रूपबंध कादंबरीपेक्षा कीर्तन-प्रवचनाच्या परंपरेला अधिक जवळचा आहे. एखादा प्रसंग येतो, त्यावरून निरूपण होते, पुन्हा प्रसंग येतो, आणि शेवटी श्रोते जड मनाने उठतात. पुस्तकातील अश्रूंचा अतिरेक हा समीक्षकांनी वारंवार घेतलेला आक्षेप आहे. परंतु हे अश्रू बव्हंशी सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्यांचे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे आक्षेपाचे स्वरूप बदलते. आई स्वतः त्या मानाने फारच कमी रडते. ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात भित्र्या मुलाला विहिरीवर पाठविण्यासाठी ती हाती काठी घेते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावे हे तिला सोसत नाही. मातृप्रेमाच्या कोमल प्रतिमेत न बसणारा हा कणखरपणा पुस्तकात पानोपानी आहे.

याचाच दुसरा अर्थ असा की पुस्तकात श्याम दोन आहेत. एक ज्याच्या बाबतीत घटना घडतात तो, आणि दुसरा ज्याला त्या घटनांचा अर्थ पुष्कळ उशिरा कळला तो. या दोघांमधील अंतर हेच पुस्तकाचे खरे आशयसूत्र आहे. आईच्या अखेरच्या क्षणी श्याम तिच्याजवळ नाही. शेवटच्या प्रकरणांत तो जे सांगतो ते त्याने पाहिलेले नाही, इतरांकडून ऐकलेले आहे. ज्या मृत्यूला आपण हजर नव्हतो त्याचे वर्णन करण्याची पाळी निवेदकावर येते, आणि ते वर्णन करता करता तो आपल्या गैरहजेरीचे जणू प्रायश्चित्त घेतो. बेचाळीस रात्रींच्या या सांगण्याला अपराधभावाचे जे अस्तर आहे ते येथे उघडे पडते.

अशा पुस्तकाला सरळ ‘बालवाङ्मय’ म्हणणे अवघड आहे. ते मुलांनी वाचले, शाळांनी स्वीकारले, बक्षीस म्हणून वाटले गेले, हे खरे. परंतु त्यातील श्रोते मुले नाहीत, आणि त्यातील दुःखही मुलाचे नसून प्रौढाचे आहे. मुलांचे अभिजात पुस्तक ही त्याची ओळख स्वीकाराच्या इतिहासातून घडली आहे. ती घडविण्यात चित्रपटाचा वाटा मोठा आहे.

३

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी पुस्तकातील दुसऱ्या सूत्राकडे पाहिले पाहिजे. प्रकरणांची शीर्षके क्रमाने वाचली तरी एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आरंभी ‘मुकी फुले’, ‘पत्रावळ’, ‘मोरी गाय’ अशी संस्कारकथांची मालिका आहे. उत्तरार्धात मात्र ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘वित्तहीनांची हेटाळणी’, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’ अशी शीर्षके येऊ लागतात. सावकाराची माणसे वसुलीसाठी दारात येतात, घराची बेअब्रू होते, आणि आई खंगत जाते. पुस्तकाचा पूर्वार्ध आठवणीत राहतो आणि उत्तरार्ध विसरला जातो, हा आपल्या वाचनसंस्कृतीचा दोष आहे.

हे घर दरिद्री जन्मलेले नाही, दरिद्री झालेले आहे. साने घराण्याकडे खोती होती. कोकणातील खोत हा सरकार आणि कुळे यांच्यामधला वसुलीचा धनी. आईच्या शिकवणुकीचा अर्थ या पार्श्वभूमीवर वेगळा लागतो. भाजी अळणी झाली तरी चकार शब्द न काढता ती खाणे, मिंधेपणा न पत्करणे, आपले काम आपण करणे, या साऱ्या गोष्टी नुसते सद्गुण नाहीत. संपत्ती गेल्यानंतर प्रतिष्ठा कशाच्या आधारावर टिकवावयाची, या प्रश्नाला एका स्त्रीने दिलेले ते उत्तर आहे. जमिनीवरची मालकी सुटत चालली, तेव्हा तिने स्वतःवरच्या मालकीला मूल्य दिले. या मूल्यव्यवस्थेतील करारीपणा तिथून येतो; तिचे मोलही तिथेच आहे, आणि तिची मर्यादाही.

मर्यादा कोणती, हे ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात दिसते. मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध महार स्त्रीला मदत करावयास आई श्यामला सांगते, आणि त्यानंतर घरी येऊन स्नान करावयासही सांगते. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात नांदतात. गुरुजींनी हे स्नान लपविलेले नाही. ज्या लेखकाने पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, त्याने आपल्या आईला आपल्या मतांच्या उंचीपर्यंत ओढून नेले नाही, ही त्याची वाङ्मयीन सचोटी होय.

इतिहासाच्या एका योगायोगाकडेही येथे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या १९३३ सालात हे पुस्तक लिहिले जात होते, त्याच साली कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो सहा वर्षे टिकला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मोडकळीस आलेल्या खोताच्या घरातून आईचे दुःख सांगितले जात असताना खोताच्या बांधावर कुळाचे दुःख संघटित होत होते. ‘श्यामची आई’ला हे दुसरे दुःख दिसत नाही. तरीही दोन्ही दुःखे एकाच व्यवस्थेच्या अखेरीची आहेत, आणि एकाच वाचनात ती शेजारी ठेवता आली पाहिजेत.

४

चित्रपट आला तेव्हा परिस्थिती पालटली होती. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा संपविली होती. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला होता. स्वातंत्र्य येऊन सहा वर्षे होत होती. ज्या घराचे दुःख पुस्तकात जिवंत होते, ते घर आता इतिहासजमा झाले होते. आणि इतिहासजमा झालेल्या घराकडे पाहण्याची दृष्टी सहजच स्मरणरंजनाची होऊ लागते.

अत्रे आणि साने गुरुजी ही जोडी वरवर पाहता विजोड. ‘झेंडूची फुले’ (१९२५) लिहिणारा विडंबनकार आणि ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या विनोदी चित्रपटाचा लेखक अश्रूंच्या या पुस्तकाकडे वळतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु दोघांमध्ये एक दुवा आहे. दोघेही शाळामास्तर होते. गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले. अत्र्यांनी पुण्यात मुख्याध्यापकी केली, आणि ‘नवयुग वाचनमाला’ तयार करून शालेय वाचनाला नवे वळण दिले. चित्रपटातील छडीचे गाणे हे या मास्तराचे आहे. गुरुजींच्या पुस्तकात न सापडणारा मिस्कीलपणा त्यात आहे. जुन्या शाळेची थट्टा आहे, आणि त्या शाळेविषयीची मायाही आहे. प्रवचनाच्या सुराला अत्र्यांनी दिलेला हा छेद चित्रपटाला एकसुरीपणापासून वाचवितो. पुस्तकाला अधिक मुलांचे करणारी शक्तीही हीच.

निवेदकाचे जे काम शब्दांनी होत होते, ते चित्रपटात प्रामुख्याने दोन गोष्टींनी केले: गीतांनी आणि चेहऱ्याने. वसंत देसाई यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा स्वर लाभलेले, द्रौपदी व नारायण यांच्या बंधुभावाचे अत्र्यांचे गीत हे याचे उत्तम उदाहरण. पुस्तकात प्रौढ श्याम जेथे थांबून अर्थ सांगतो, तेथे चित्रपटात पुराणकथा गाण्यातून अर्थ सांगू लागते. कीर्तनाच्या परंपरेतील पूर्वरंग गळतो, उत्तररंग राहतो. ही निवड कल्पक आहे. पण तिचा एक परिणाम असा की श्यामचा अपराधभाव पुराणाच्या सर्वसाधारण भक्तिभावात विरघळतो.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. आईची भूमिका वनमाला यांनी केली. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मधील (१९४१) त्यांचे देखणे रूप प्रेक्षकांच्या स्मरणात होते. त्या रूपाने कोकणातल्या गरीब घरातील लुगडे नेसले, यात अभिनयाचे संयमित सामर्थ्य आहे, आणि चित्रपटमाध्यमाचा एक अटळ नियमही आहे. पुस्तकातील आईला चेहरा नाही. ती हाक आहे, हात आहे, दटावणी आहे; प्रत्येक वाचक तिला आपापल्या घरातला चेहरा देतो. पडद्यावर चेहरा एकच असतो, आणि तो सगळ्यांचा होतो. श्यामचेही तसेच. पुस्तकातील श्याम लहान मुलापासून तरुणापर्यंत वाढतो, आणि सांगणारा श्याम तर प्रौढच आहे. प्रेक्षकांच्या मनात जो राहिला तो माधव वझे यांचा शाळकरी चेहरा. पुढे नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून वझे यांनी दीर्घकाळ काम केले, तरी त्यांची पहिली ओळख श्याम हीच राहिली. ‘श्यामची आई’ हे मुलाचे पुस्तक आहे असे आपण समजू लागलो, ते पुष्कळसे या चेहऱ्यामुळे.

सर्वांत मोठा फरक काळाचा आहे. सांगणे भूतकाळात होते. दृश्य वर्तमानात घडते. जे हरवले आहे तेच सांगितले जाते, आणि पडद्यावर तेच आपल्यासमोर असते. पुस्तकाचा वाचक आश्रमातील श्रोत्यांत बसतो. चित्रपटाचा प्रेक्षक कॅमेऱ्याबरोबर थेट घरात शिरतो. उशीर झाल्याची जी जाणीव पुस्तकाचा प्राण आहे, ती अशा प्रेक्षकाला होणे कठीण; तो प्रत्येक प्रसंगी वेळेवर हजर असतो.

सुवर्णपदकाच्या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरावी. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ या चित्रपटाला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. तोही कर्जाचा चित्रपट आहे. त्यातील शंभू जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो, आणि अखेरीस जमीन जातेच. दोन्ही चित्रपटांत कर्ज घर उद्ध्वस्त करते. पण एकात ते व्यवस्थेकडे बोट दाखविते, आणि दुसऱ्यात ते चारित्र्याची कसोटी होते. नव्या राष्ट्राने यांपैकी दुसऱ्याला सुवर्णपदक दिले, यामागे एखादी योजना शोधण्याचे कारण नाही. मात्र कर्जाचे नैतिक रूप त्याच्या आर्थिक रूपापेक्षा त्या काळाच्या अभिरुचीला अधिक मानवले, असे अनुमान काढता येते. दोनच वर्षांनी आलेल्या सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’लाही (१९५५) सुवर्णपदक मिळाले. तेथेही दरिद्री ब्राह्मण घर आहे, मुलगा आहे, आई आहे. पण सर्वजया चिडते, मत्सर करते, म्हाताऱ्या इंदिरेला घराबाहेर काढते. दारिद्र्याने आईचे काय होते हे राय दाखवितात. दारिद्र्यातही आईचे काय होत नाही हे अत्रे दाखवितात. गुरुजींचे पुस्तक या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे आहे.

अत्र्यांवर येथे अन्याय होता कामा नये. याच अत्र्यांनी पुढच्याच वर्षी ‘महात्मा फुले’ (१९५४) हा चित्रपट काढला. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या फुल्यांच्या चरित्राकडे ‘श्यामची आई’नंतर लगेच वळावेसे वाटणे, हे त्यांच्या दृष्टीच्या व्याप्तीचे गमक आहे. हे दोन चित्रपट सलग पाहिले तर पहिल्यात जे अनुक्त राहिले, त्याचे काही उत्तर दुसऱ्यात मिळते. समीक्षेने ते एकत्र पाहिले नाहीत.

५

अखिल मराठी मातृत्व असा शब्द वर वापरला, तो तपासून पाहण्यासाठी कोकणापासून शक्य तितके दूर गेले पाहिजे. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळ हे गाव घेऊ. १९५३ मध्ये हे गाव मुंबई राज्यात नव्हते. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे पडद्यावरची ही आई साऱ्या मराठी माणसांची झाली, ती मराठी माणसांचे एक राज्य होण्यापूर्वी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे अग्रभागी होते, ही गोष्ट या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगी नाही. राजकीय एकीकरणाच्या आधी भावनेचे एकीकरण घडते, आणि ते घडविणाऱ्या प्रतिमांमध्ये श्यामची आई आहे.

पण एकीकरणाची किंमत असते. अड्याळच्या परिसरातील वाचकाला खोत हा शब्द परका आहे; त्याच्या ओळखीचा शब्द मालगुजार. मध्यप्रांतातील मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. तिची खूण येथील तळ्यांच्या नावात उरली आहे. माजी मालगुजारी तलावांना येथे ‘मामा तलाव’ म्हणतात. नात्याचा वाटणारा हा शब्द मुळात मालकीचा आहे. वापरून वापरून त्यातील मालकी विसरली गेली, आणि नाते तेवढे ऐकू येऊ लागले. ‘श्यामची आई’ या नावाचेही असेच झाले आहे. त्यातील आई आपल्याला ऐकू येते. खोती, सावकार आणि जप्ती ऐकू येत नाहीत.

धानाच्या या मुलखात आईला ‘माय’ म्हणतात. ज्यांच्या घरी मालगुजारी नव्हती, ज्यांनी दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, अशा घरांतील विद्यार्थी आज पदव्युत्तर वर्गांत हे पुस्तक वाचतात. त्यांच्या मायच्या वाट्याला प्रतिष्ठा जाण्याचे दुःख आलेले नसते. ती मुळात मिळालेलीच नसते. अशा वाचकाला श्यामच्या आईचे संस्कार शिकविणे सोपे आहे, तिचा इतिहास शिकविणे अवघड. तरी तेच करावयास हवे. कारण संस्कार म्हणून वाचले की तो वाचक पुस्तकाबाहेर उभा राहतो, आणि कर्जाची कथा म्हणून वाचले की तो आत येतो. सावकार त्याला ठाऊक असतो.

सांगण्याच्या रूपबंधाशीही या वाचकाचे नाते जवळचे आहे. दिवाळीनंतर मंडई भरू लागली की झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके चालतात. रात्र हे प्रयोगाचे माप असणे त्याला नवे नाही. प्रेक्षकाने रडणे हा त्या रंगभूमीवर दोष मानला जात नाही. तो प्रयोगातील सहभाग समजला जातो. शहरी अभिरुचीने ज्या अश्रूंना भाबडेपणा म्हटले, ते अश्रू सांगण्या-ऐकण्याच्या व्यवहाराचा भाग आहेत, हे या वाचकाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

६

‘श्यामची आई’ पुन्हा एकदा पडद्यावर आली ती २०२३ मध्ये, सुजय डहाके यांच्या दिग्दर्शनाखाली. सत्तर वर्षांनीही ती कृष्णधवल रंगांतच आली, आणि तिला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या चित्रपटात ओम भुतकर यांनी साने गुरुजींची भूमिका केली आहे. म्हणजे सांगणारा माणूस पडद्यावर स्वतः आला आहे. १९५३ च्या चित्रपटाने ज्याचे काम गीतांकडे आणि चेहऱ्याकडे सोपविले होते, त्याची उणीव दुसऱ्या पिढीला जाणवली असावी. त्याच वेळी रंग मात्र अत्र्यांच्या काळाचे ठेवले गेले. पुस्तकाकडे परत जाण्याची वाटही आता पहिल्या चित्रपटावरून जाते, हेच यातून दिसते.

म्हणून पुस्तक श्रेष्ठ की चित्रपट, हा वाद येथे उपयोगाचा नाही. चित्रपटाने पुस्तकाला असा वाचकवर्ग दिला, जो त्याला एरवी मिळाला नसता. आणि त्या वाचकवर्गाला पुस्तकाचा अर्धाच भाग दिला. उरलेला अर्धा पुस्तकात तसाच आहे. अभ्यासक्रमात ‘श्यामची आई’ नेमताना उत्तरार्धातील कर्जाची प्रकरणे गाळू नयेत, त्यांच्यासोबत चरीच्या संपाचा इतिहास आणि आपापल्या जिल्ह्यातील जमीनव्यवस्थेचा इतिहास वाचावा, आणि चित्रपट दाखवावयाचा तर तो पुस्तक वाचून झाल्यावर दाखवावा. विद्यार्थ्यांच्या मनातील चेहरा आधी त्यांचा त्यांना घडवू द्यावा; वनमालाबाईंचा चेहरा त्यानंतर पाहिला, तर त्यातील अभिनयही अधिक कळेल.